पहिला मान

आमच्या घरात 'गोड बातमी' हा शब्द गेली सहा वर्षं कुणी मोठ्याने उच्चारत नाही. (वहिनीला विचारूनच लिहितेय हं!) परवा तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एम्ब्रियो छान तयार झालेत. पण या महिन्यात नको सोडायला, फ्रीज करून ठेवू." इडलीचं पीठ ठेवावं इतक्या सहज!

का थांबायचं? तर जास्त बीजं मिळावीत म्हणून जी इंजेक्शनं देतात, त्यांनी त्या महिन्यापुरतं गर्भाशयाचं अस्तर बिघडू शकतं. ते ताळ्यावर आलं की मग सोडायचं. आता तर हे सर्रास करतात म्हणे.

घरी येऊन वाचत बसले. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी हाच विचार करून एम्ब्रियो ५३ दिवस गोठवला होता! त्यातून ३ ऑक्टोबर १९७८ला दुर्गा जन्मली. इंग्लंडची लुईस ब्राऊन जन्मून तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. पण सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. जपानला जायची परवानगी नाकारली, शेवटी बदली केली ती डोळ्यांच्या विभागात. १९ जून १९८१ला त्यांनी आत्महत्या केली.

मला मात्र जास्त भिडले ते डॉ. टी. सी. आनंद कुमार. ६ ऑगस्ट १९८६ला मुंबईच्या केईएममध्ये हर्षाचा जन्म झाला, तो त्यांच्या आणि डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून. देशातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाचा मान त्यांच्याकडेच होता. १९९७ साली मुखर्जींची कागदपत्रं त्यांच्या हाती आली. ती वाचून त्यांनी स्वतःच 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं, की हा मान मुखर्जींचा. सोळा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी आपला मान कोण सोडतं हो?

आणि दुर्गा? ती आपल्या पंचविसाव्या वाढदिवसाला, २००३ साली जगासमोर आली. तोवर घरच्यांनी सगळं झाकूनच ठेवलं होतं. लोकांच्या तोंडाला किती भ्यायचं माणसाने!

असो. वहिनीच्या बाबतीत पुढे काय होईल, याची खात्री डॉक्टरीणबाईही देत नाहीत. हे वाचणाऱ्या आमच्या समस्त मावश्या-आत्यांना एकच विनंती. फोनवर "काही विशेष?" असं विचारू नका. बातमी असलीच, तर ती सांगायचा पहिला मान तिचा.