उजळणी

'उजळणी' हा आपल्या मराठीतील मोठा अर्थगर्भ शब्द आहे. सणावाराच्या आधी घरातील तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासली जातात, तेव्हा ती उजळतात. भांडे तेच असते, त्यावर साचलेली काजळी तेवढी निघून जाते. पाढ्यांच्या पुस्तकालाही आपल्याकडे पूर्वापार 'उजळणी'च म्हणत आले आहेत. त्या लहानशा पुस्तकात एकापासून तीसपर्यंतचे पाढे असत आणि त्यांच्यामागे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी अपूर्णांकांची पलटण उभी असे. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी बाजारात कागद-पेन्सिलीवाचून हिशेब करीत ती याच शिदोरीवर.

नाताळची सुट्टी सरली, की आपल्यापैकी कित्येकांच्या घरात दहावीच्या परीक्षेचे वारे वाहू लागते. मुलगा किंवा मुलगी पहाटे उठते, आई दिवा लावून शेजारी बसते, वडील दूरदर्शनचा आवाज कमी करतात. आणि बहुतेक घरांत भीती एकाच विषयाची असते. इतिहास पाठ करता येतो, भाषेचा निबंध रेटता येतो. गणित मात्र कोणाचे ऐकत नाही. मग बाजारातून अपेक्षित प्रश्नसंच येतात, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका येतात आणि मूल वर्गसमीकरणांच्या मागे लागते. पण त्याची गाडी अडते ती बहुधा वर्गसमीकरणापाशी नव्हेच. ती कोठे अडते, याविषयीच आज थोडे लिहावयाचे आहे.

एकतीस वर्षे बीड जिल्ह्यातील शाळांमधून गणित शिकवून मी निवृत्त झालो. त्यानंतर दरवर्षी डिसेंबरपासून परीक्षेपर्यंत धारूर तालुक्यातील एका गावात दहावीच्या सात-आठ मुलांना घेऊन बसतो. बालाघाटच्या रांगेतले हे गाव आहे. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातील निम्मी घरे कुलूपबंद होतात. माणसे ऊस तोडण्यासाठी सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. मुकादम प्रत्येक कोयत्याला हंगामाआधी उचल देतो आणि मग ती उचल फडात ऊस तोडून फेडावयाची असते. लहान मुले आईबापांबरोबर जातात व कोपीत राहतात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांपाशी. जे मूल पहिलीपासून दरवर्षी पाच-पाच महिने असे ये-जा करते, त्याच्या गणिताच्या भिंतीतील कोणकोणत्या विटा निसटल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे दुखणे केवळ आमच्या जिल्ह्याचे आहे असेही नाही. 'असर' या सर्वेक्षणाने २०२३ साली देशातील अठ्ठावीस ग्रामीण जिल्ह्यांतील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित बरोबर सोडवू शकणारी मुले त्यात सुमारे ४३ टक्के निघाली. तिसरी-चौथीत यावयाचा भागाकार निम्म्याहून अधिक मुलांना अठराव्या वर्षापर्यंत येत नसेल, तर अपेक्षित प्रश्नसंचाने काय साधणार?

म्हणून पहिल्या दिवशी मी मुलांच्या हाती दहावीची नव्हे, तर पाचवीची प्रश्नपत्रिका देतो. हातच्याची वजाबाकी, भागाकार, दोन अपूर्णांकांची बेरीज, दशांश चिन्ह, टक्केवारी. मुले प्रथम हसतात. तासाभराने हसणे थांबते. मग मी प्रत्येकाची चूक कोठे आहे ती एका वहीत लिहून घेतो. किती चुकले यापेक्षा कसे चुकले हे पाहणे मोलाचे असते, कारण मुलांच्या चुकांनाही एक रीत असते.

उदाहरणार्थ, अर्धा अधिक एक तृतीयांश याचे उत्तर बरीच मुले 'दोन पंचमांश' असे लिहितात; वरच्याची बेरीज वर, खालच्याची खाली. त्यांना नियम पुन्हा सांगून उपयोग होत नाही. मी विचारतो, 'अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी भाकरीचा एक तुकडा खाल्लास, तर एकूण भाकरी अर्ध्याहून कमी कशी झाली?' दोन पंचमांश अर्ध्याहून कमी असतात हे लक्षात आले, की मूल स्वतःच उत्तर खोडते आणि छेद समान करू लागते. तीच गत ऋण संख्यांची. 'वजा वजा अधिक' एवढे पाठ असल्यामुळे उणे पाच वजा तीन याचे उत्तर मुले बिनदिक्कत अधिक आठ लिहितात. तेथे उचल कामाला येते. पाच हजार उचल अंगावर आहे, आणखी तीन हजार घेतली, तर आठ हजार मिळाले की आठ हजार देणे झाले? ऊसतोड करणाऱ्याच्या लेकराला याचे उत्तर दुसऱ्यांदा विचारावे लागत नाही.

आता वर्गसमीकरणाकडे पाहा. क्ष वर्ग वजा पंधरा क्ष अधिक चोपन्न बरोबर शून्य. हे सोडवावयाचे म्हणजे ज्यांचा गुणाकार चोपन्न आणि बेरीज पंधरा, अशा दोन संख्या शोधावयाच्या. ज्याला 'नव सक चोपन्न' येते, त्याला नऊ आणि सहा तत्काळ दिसतात. उकल हाती येते. ज्याला येत नाही, तो दहावीच्या बीजगणितात नापास झाला असे आपण म्हणतो. वास्तविक तो तिसरीच्या पाढ्यात अडलेला असतो.

हातच्याची वजाबाकी घोटून घेण्यासाठी मला देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा मोठा आधार वाटतो. त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या जगभरच्या गणितज्ञांना ठाऊक आहे. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. ३५२४ घेतली, तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या या मुक्कामी येते आणि तेथेच थांबते. मूल ६१७४ वर पोहोचले नाही, तर वाटेत कोठेतरी हातचा चुकला. उत्तरपत्रिकेची गरज नाही, गुरुजींचीही नाही. आपली चूक आपण शोधण्याची सवय लावणारा याहून चांगला खेळ मला ठाऊक नाही. गुणाकार पडताळण्यासाठी आपल्या जुन्या पंतोजींचा नवाचा ताळा आहेच.

भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तीत त्रैराशिकाला मानाचे स्थान दिले आहे. आपले गाव त्यांनी विज्जडविड असे सांगितले. काही अभ्यासक ते चाळीसगावजवळचे पाटण मानतात. काहींच्या मते ते आपले बीडच. हा वाद मी मुलांना आवर्जून सांगतो. ज्या मातीवर आपले नुसते मागासलेपण लिहिले जाते, तिच्यावर गणितही कोणी हक्क सांगते, हे ऐकून मुले थोडी ताठ बसतात.

दोन वर्षांपूर्वीची नव्हे, पण फार जुनीही नव्हे अशी एक गोष्ट सांगतो. २०२५ साली दहावीची परीक्षा नेहमीच्या मार्चऐवजी २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. म्हणजे उजळणीचे दिवस आणखी घटले. त्या तुकडीत एक मुलगी होती. आईवडील सांगली जिल्ह्यात फडावर, ती आजीपाशी. पहिल्या दिवशीच्या वीस गणितांपैकी तिची सहा बरोबर आली. तिसऱ्या दिवशी तिची आजी येऊन दाराशी बसली.

"गुरुजी, पोरीला तेवढं गणितात काढा. नापास झाली तर तिचा बाप यंदाच उरकून टाकतो म्हणतोय. स्थळ बी आलंय."

पोरगी पंधरा वर्षांची होती. २००६ च्या कायद्याने असा विवाह गुन्हा ठरतो, हे मी आजींना सांगितले. त्यांनी मान डोलावली. कायदा त्यांनाही ठाऊक होता. पण लग्न झालेल्या मुलाचाच पूर्ण कोयता होतो, त्यालाच पूर्ण उचल मिळते आणि वयात येणारी मुलगी एकटी मागे ठेवण्याची आईबापांना धास्ती वाटते, हेही त्यांना ठाऊक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, बीड जिल्ह्यातील वीस ते चोवीस वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. टक्केवारी शिकवताना हा आकडा मी फळ्यावर लिहीत नाही. समोर बसलेल्या मुली तो आपल्या वर्गातच मोजू शकतात.

मुलीला मी वेगळे काही शिकवले नाही. पहिले दहा दिवस पाढे आणि चार मूलभूत क्रिया. पुढचे दहा दिवस अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी. मग ऋण संख्या आणि कंस. पाठ्यपुस्तक उघडले ते त्यानंतर. रोज पंधरा मिनिटे पाढे मोठ्याने म्हणावयाचे, आणि जे गणित चुकले ते चुकांच्या वहीत उतरवून तीन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने सोडवावयाचे. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले, की एकदा पाठ केलेले झपाट्याने विसरते, आणि दिवसांचे अंतर ठेवून पुन्हा घोकलेले टिकते. आपल्या पंतोजींची उजळणी रोज संध्याकाळी होत असे, ती काही उगीच नव्हे.

शेकडेवारीच्या आठवड्यात मी ऊसतोडणीच्या दराचे उदाहरण घातले. जानेवारी २०२४ मध्ये या दरात ३४ टक्के वाढ झाली. सुमारे २७३ रुपये टन असलेला दर ३६६ रुपयांच्या घरात गेला. मुलांनी २७३ चे ३४ टक्के काढले, ९२ रुपये ८२ पैसे, आणि मिळवून ताळा पाहिला. दुसऱ्या दिवशी ही मुलगी न सांगता आपले स्वतःचे एक गणित करून घेऊन आली. वडिलांची उचल एक लाख. आईवडील मिळून दिवसाला सरासरी दीड टन ऊस तोडतात, असे त्यांनी फोनवर सांगितले होते. दीड टनाचे ५४९ रुपये. हंगाम पाच महिने, म्हणजे दीडशे दिवस, एकही खाडा न धरता. ५४९ गुणिले १५० बरोबर ८२,३५०. एक लाखातून वजा केले, उरले १७,६५०.

"सर, म्हणजे एक दिवस बी आजारी नाही पडले, तरी साडेसतरा हजाराच्या वर अंगावर राहणार. मग पुढल्या वर्षी पुन्हा जावंच लागणार."

गुणाकार बरोबर होता, वजाबाकी बरोबर होती. वहीवर बरोबरची खूण करताना माझा हात क्षणभर थांबला. हा आकडा आणि घरी आलेले स्थळ यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे तिने मला विचारले नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती.

त्या रात्री तिने फोनवरून तो हिशेब वडिलांना ऐकवला, असे आजींकडून पुढे समजले. हे तुला कोणी सांगितले, असे त्यांनी विचारले. कोणी नाही, मीच काढले, असे ती म्हणाली. बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग वडील म्हणाले, हंगाम संपल्यावर मुकादमाकडे हिशेबाला जाताना तू बरोबर चल.

परीक्षा झाली. बीजगणित चाळीस गुणांचे, भूमिती चाळीस गुणांची, वीस गुण शाळेचे. उत्तीर्ण व्हावयास एकूण शंभरात पस्तीस. मे महिन्यात निकाल लागला, तिला त्रेचाळीस मिळाले. वर्तमानपत्रात छायाचित्र यावे असे हे गुण नव्हेत. पण तिने अकरावीत प्रवेश घेतला. स्थळ परत गेले नाही. लग्न 'पुढे बघू' म्हणून थांबवले गेले. पुढे म्हणजे किती, हे अद्याप ठरलेले नाही. आजी म्हणतात, बारावीपर्यंत तरी मी हलू देत नाही. एप्रिलमध्ये वडिलांबरोबर ती हिशेबाला गेली होती आणि सोबत चुकांची वही नेली होती, एवढे मला ठाऊक आहे.

वाचकहो, आपल्या घरात यंदा दहावीचे मूल असेल, तर एवढे अवश्य करा. प्रश्नसंच आणण्यापूर्वी एका संध्याकाळी त्याला पाचवीच्या पुस्तकातील वीस गणिते घालून पाहा. गुण मोजू नका, रागावू नका. चूक कोठे होते तेवढे टिपून ठेवा. जेथे अडेल तेथूनच उजळणीला आरंभ करा, मग ते कितीही मागे जावे लागो. नववी-दहावीच्या मुलाला पाढे म्हणण्याची लाज वाटते, म्हणून घरातल्या सर्वांनी मिळून म्हणावेत. आणि पाऊणकी येणारे एखादे आजोबा घरात असतील, तर ती त्यांच्याकडूनच शिकून घ्यावी. ती आता छापील पुस्तकांत फारशी सापडत नाही.