वर्सोवा आणि वेसावे

२०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने तुम्ही वर्सोवा स्थानकावर उतरलात, तर समुद्र लगेच दिसत नाही. सात बंगल्यावरून, यारी रोडने पुढे जावे लागते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी आणि मध्ये जिभेसारखी निमुळती होत गेलेली भूमी. वाटेवर चित्रपटसृष्टीतील मंडळींची घरे, झगमगती उपाहारगृहे, समुद्राभिमुख इमारती. हे वर्सोवा. या जिभेच्या टोकाशी मात्र कोळीवाडा आहे आणि तेथील माणसे आपल्या गावाला वेसावे म्हणतात. नावे दोन असली तरी गाव एकच, असे मी बरीच वर्षे समजत होतो.

एका हिवाळ्यात तेथील कोळी खाद्यमहोत्सवाला गेलो होतो. तळलेल्या कुरकुरीत बोंबलांवर यथेच्छ ताव मारला आणि मग सूर्यास्त पाहावा म्हणून किनाऱ्याकडे निघालो. वाटेत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. त्यांचा उग्र दर्प आला आणि नकळत माझा हातरुमाल नाकाशी गेला. बोंबील उलटसुलट करणाऱ्या एका मावशींनी ते पाहिले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “वास येतो ना? तो आला नाय, तर आमची चूल पेटत नाय.”

मी रुमाल खिशात ठेवला. तासाभरापूर्वी ज्या माशाची चव मी वाखाणली, त्याचाच वास मला सोसवला नव्हता. मी आलो होतो वर्सोव्याला. वेसाव्यात माझा पायही पडला नव्हता.

पुढे मी तेथे पुनःपुन्हा गेलो. बोंबील डोल जाळ्यात सापडतो. हे जाळे माशामागे धावत नाही. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून एका जागी वाट पाहते. प्रवाह जे आणील, ते त्यात शिरते. आपण नाल्यात टाकलेले प्लास्टिकही शिरते. २०१५ साली अफरोज शाह या वकिलांनी हा किनारा स्वच्छ करण्यास आरंभ केला. हजारो हात त्यांना येऊन मिळाले. २०१८ साली याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली. तरीही प्रत्येक पावसाळ्यात शहराचा कचरा किनाऱ्यावर परत येतो.

तुम्ही वर्सोव्याला अवश्य जा. सूर्यास्त पाहा, सुरमई खा, तरीतून खाडी ओलांडून मढला जा आणि १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला दुरून न्याहाळा. फक्त परतण्यापूर्वी कोळीवाड्याच्या गल्लीतून एक फेरी मारा. वाळत घातलेल्या मासळीजवळ क्षणभर थांबा. तेव्हा तुमचा हात खिशातल्या रुमालाकडे जातो का, हे तुमचे तुम्हीच पाहा. माझा अजूनही कधीकधी जातो.