प्रेक्षकांचा रकाना

महिलांच्या युरो फुटबॉल स्पर्धेची गोडी मला माझ्या घरमालकीणबाईंनी लावली. जर्मनीतल्या झीगन या गावी शिकायला गेले, तेव्हा त्यांच्या घराच्या माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली. त्या कधी राष्ट्रीय संघातून खेळल्या नाहीत, कुठल्या पुस्तकात त्यांचं नाव नाही. तरीही बायकांचा फुटबॉल आज जिथं पोचला आहे, तिथवर तो आणणाऱ्यांत त्यांचा वाटा आहे, असं मी मानते. सुरुवातीला मी त्यांना आडनावानं हाक मारायचे. पहिला हिवाळा सरता सरता त्या माझ्या ओमा झाल्या. जर्मन घरांत आजीला ओमा म्हणतात.

झीगन हे डोंगरांत वसलेलं, एके काळी लोखंडाच्या खाणींवर जगलेलं गाव. फुटबॉलच्या जगात ते ओळखलं जातं टीएसव्ही झीगन या क्लबमुळं. १९८७ ते १९९६ या काळात या क्लबच्या बायकांनी सहा वेळा जर्मन अजिंक्यपद मिळवलं. पुढं राष्ट्रीय प्रशिक्षक झालेल्या झिल्व्हिया नाइड इथंच खेळल्या.

मी कोल्हापूरची, त्यामुळं फुटबॉल मला नवा नव्हता. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची गाठ पडली की पेठांत दुसरा विषय नसायचा. पण आमच्या घरातून मैदानावर जायचे ते वडील, काका आणि भाऊ. आम्ही मुली घरी निकालाची वाट बघायचो. सत्तरीकडं झुकलेली बाई छत्री आणि थर्मास घेऊन बायकांचा सामना बघायला निघते, हे मी ओमांच्या घरी पहिल्यांदा पाहिलं.

ओमा तरुणपणी खेळायच्या, तेव्हा त्या खेळाला बंदी होती. जर्मन फुटबॉल महासंघानं १९५५ साली ठराव करून आपल्या क्लबांना बजावलं होतं की, बायकांना मैदान द्यायचं नाही. या खेळानं बाईच्या शरीराला आणि मनाला इजा होते, असं कारण दिलं होतं. बंदी उठली १९७० साली. तीही अटी घालून: सामना तीस-तीस मिनिटांचा, चेंडू लहान, बुटांना स्टड नाहीत, हिवाळ्यात खेळ बंद. ओमा आणि त्यांच्या मैत्रिणी जुन्या खाणीमागच्या पडीक जागेत खेळायच्या. गोलखांब म्हणून दोन कोट ठेवायचे. बघायला कुणी येत नसे, आलं तर हुसकावून लावायला येई. “आमचा खेळ कुणी बघितलाच नाही,” असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. तेवढंच. त्याबद्दल त्यांनी कधी गळा काढला नाही.

बहुधा म्हणूनच त्यांनी पुढं बघण्याचं काम अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातल्या फडताळात त्यांच्या चौकटीच्या कागदाच्या वह्या होत्या. झीगनच्या बायकांचा प्रत्येक पाहिलेला सामना त्यात पेन्सिलीनं टिपलेला असे. तारीख, समोरचा संघ, गोल, हवामान आणि शेवटच्या रकान्यात प्रेक्षक. हा आकडा त्या स्वतः मोजून लिहायच्या. मध्यंतरात उठून मैदानाच्या कडेनं एक फेरी मारायची, माणसं मोजायची, परत येऊन कॉफी ओतून घ्यायची. जुन्या पानांवरचे आकडे इतके लहान, की त्या सगळ्यांना त्या नावानिशी ओळखत असणार. मी विचारलं, हे कशाला मोजता? त्या म्हणाल्या, “खेळलेलं कुणीतरी बघितलं, याची कुठंतरी नोंद नको का?”

त्या वह्यांत एका पानावर प्रेक्षकांच्या रकान्यात आकडा नव्हता. तारीख २८ जून १९८९. झीगनच्या लाइमबाख स्टेडियममध्ये युरोचा उपांत्य सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध इटली. बायकांचा सामना जर्मन टीव्हीवर पहिल्यांदाच थेट दाखवला जात होता. सामना १–१ बरोबरीत सुटून पेनल्टी शूटआउटवर गेला. गोलरक्षक मारिओन इस्बर्ट हिनं तीन पेनल्ट्या अडवल्या, आणि निर्णायक पेनल्टी स्वतः मारून संघाला अंतिम फेरीत नेलं. ओमांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं: मोजता आले नाहीत.

चारच दिवसांनी ओस्नाब्र्युक इथं अंतिम सामना झाला. सुमारे २२,००० माणसांसमोर जर्मनीनं नॉर्वेला ४–१ असं हरवलं. पहिली युरो १९८४ साली स्वीडननं जिंकली होती आणि दुसरी नॉर्वेनं. जर्मन बायकांचं हे पहिलं विजेतेपद. महासंघानं प्रत्येकीला बक्षीस म्हणून चिनी मातीचा कॉफी-सेट दिला, तोही कारखान्यात दुय्यम प्रतीचा ठरलेला. ही गोष्ट जर्मनीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि आजही लोक ती लाजेनं सांगतात. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा संतापले. ओमा शांतपणे म्हणाल्या, “देणाऱ्यानं त्याच्या ऐपतीप्रमाणं दिलं. त्या त्यांच्या ऐपतीप्रमाणं खेळल्या.” त्या ऐपतीचा हिशोब पुढं जगानं पाहिला. १९८९ ते २०१३ या काळात जर्मनीनं आठ वेळा युरो जिंकली. आणि २०२२ च्या युरोसाठी त्याच महासंघानं विजेतेपद मिळाल्यास प्रत्येक खेळाडूला ६०,००० युरो जाहीर केले.

या बाईंचं माझ्यावर ऋण आहे ते असं. माझ्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता एकदा रखडला. भाडं थकलं. ओमांनी ते मागितलं नाही, इतकंच नव्हे, तर मला मागे पडल्यासारखं वाटू नये म्हणून भाड्याचा विषयच घरात काढला नाही. माझ्या प्रबंधाची पानं त्या रात्री चष्मा लावून वाचायच्या आणि जर्मन व्याकरणाच्या चुकांखाली बारीक रेघ ओढायच्या. विषय होता पोलादी पत्र्याला वाकवताना पडणाऱ्या भेगांचा, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं अगदीच रुक्ष. पण सादरीकरणाच्या दिवशी त्या कोट घालून विद्यापीठात आल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि शेवटचा प्रश्न संपेपर्यंत हलल्या नाहीत. माझ्या घरचं कुणी तिथं येणं शक्य नव्हतं. त्या रात्री वहीत नवी ओळ आली. तारीख, माझं नाव, प्रबंधाचा विषय, पाऊस, आणि शेवटच्या रकान्यात: सात. त्या सातांत त्या स्वतः होत्या. परक्या देशात माझ्या कष्टाची दखल अशी कुणी घेईल, असं मला वाटलं नव्हतं.

२०१३ ची युरो आम्ही दोघींनी त्यांच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीवर पाहिली. प्रशिक्षक होत्या त्यांच्या झीगनच्या झिल्व्हिया नाइड. गटात जर्मनी नॉर्वेकडून हरली होती, आणि अंतिम सामन्यात पुन्हा नॉर्वेच समोर. गोलरक्षक नादिने आंगररनं दोन पेनल्ट्या अडवल्या, बदली खेळाडू अन्या मिटागनं एकमेव गोल केला. पेनल्टी कशी वाचायची, हे ओमांनी मला तेव्हा शिकवलं. मारणारीच्या पायाकडं सगळेच बघतात, तू गोलरक्षकाच्या गुडघ्यांकडं बघ, ती किती वेळ थांबू शकते ते बघ.

नोकरीमुळं मी फ्रायबुर्गला आले. फोन चालू राहिले. ३१ जुलै २०२२ ला वेम्बलीवर इंग्लंडनं जादा वेळेत जर्मनीला २–१ हरवलं. मी हिरमुसून फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, “किती जण होते?” ८७,१९२. पुरुषांच्या किंवा महिलांच्या कुठल्याही युरोच्या सामन्याला तोवर इतकी गर्दी झाली नव्हती. ओमांनी आकडा माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला आणि म्हणाल्या, “मग आज कुणीच हरलं नाही.”

२०२५ ची युरो स्वित्झर्लंडमध्ये होती. त्याआधीच्या हिवाळ्यात ओमा गेल्या. वह्या त्यांच्या भाचीकडं झीगनमध्ये आहेत, त्या तिथंच असायला हव्यात. १९ जुलैला मी बाझेलच्या सेंट जेकब पार्कमध्ये जर्मनी-फ्रान्स उपउपांत्य सामना पाहिला. तेराव्या मिनिटाला जर्मनीच्या बचावपटूला लाल कार्ड मिळालं. उरलेला सगळा सामना आणि जादा वेळही जर्मनी दहा जणींनिशी लढली. १–१ अशी बरोबरी झाली, पुन्हा शूटआउट. गोलरक्षक आन-काट्रिन बेर्गर. थायरॉइडच्या कर्करोगाशी दोनदा झुंजलेली बाई. तिनं दोन पेनल्ट्या अडवल्या आणि एक स्वतः मारली. जर्मनी ६–५ जिंकली. माझ्याभोवती तरुण मुली जल्लोष करत होत्या, आणि मला इस्बर्टची पेनल्टी आठवत होती, जी मी पाहिलेली नाही, पण पेन्सिलीनं लिहिलेली वाचली आहे. पुढं उपांत्य फेरीत स्पेननं जर्मनीला हरवलं आणि अजिंक्यपद इंग्लंडकडं राहिलं. त्यानं माझ्या आनंदात काही उणं झालं नाही.

खेळ मोठा होतो तो खेळणाऱ्यांमुळं, हे खरंच. पण त्यांना कुणीतरी शेवटपर्यंत बघावं लागतं, आणि आकडा लहान असताना बघणाऱ्यांचं मोल सर्वांत जास्त असतं. हे मला ओमांनी शिकवलं. त्यांचं थकलेलं भाडं मी पुढं चुकतं केलं. हे देणं तसं चुकतं होणारं नाही. ते फेडायचा एकच मार्ग मला ठाऊक आहे, आणि तो तुमच्यासाठीही खुला आहे. तुमच्या गावात, शाळेच्या किंवा तालमीच्या मैदानावर मुलींचा सामना असेल, तर जा. आपली मुलगी त्यात नसली, तरी जा. आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत थांबा.