नेमकं कशामुळे?

थंडीच्या दिवसांत सकाळी उठल्याउठल्या फोनवर एक्यूआय बघायची सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. मलाही आहे. पण हा आकडा काढतात कसा, हे वाचलं तेव्हा माझ्यातला प्रोग्रॅमर जरा दचकलाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत आठ प्रदूषकं धरलेली आहेत: दोन प्रकारचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, शिसं वगैरे. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढायचा आणि त्यातला सगळ्यात मोठा, तोच एक्यूआय. बेरीज नाही, सरासरी नाही, चक्क मॅक्स फंक्शन! एक १८० आणि बाकीचे १०-१०, उत्तर १८०. एक १८० आणि बाकीचे १७५, तरी उत्तर १८०च. लोकांना झटकन कळावं म्हणून हे ठीक आहे हो, पण फुप्फुसांना मॅक्स फंक्शन कुठे माहीत आहे?

हा किडा डोक्यात शिरायचं कारण घरातलंच. गेल्या हिवाळ्यात लेकीला रात्री खोकल्याची ढास लागायची. बायकोने डॉक्टरांना विचारलं, "पण नेमकं कशामुळे?" ते म्हणाले, "एकच कारण नाही सांगता येणार. धूळ, गाड्यांचा धूर, तुमच्या सोसायटीमागे जळणारा कचरा... सगळं मिळून." उत्तर प्रामाणिक होतं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी कचऱ्याचा विषय काढला, तर एक काका म्हणाले, "अहो, एवढ्याशा धुराने काय होतंय? समोरचा हायवे बघा की!" झालं. 'सगळं मिळून' म्हणजे कोणीच नाही!

आपल्या धंद्यात हे ओळखीचं आहे. युनिट टेस्ट सगळ्या हिरव्यागार, आणि एकत्र चालवलं की सिस्टिम आडवी.

विज्ञानातही याची जुनी उदाहरणं आहेत. अमेरिका-कॅनडातल्या इन्सुलेशन कामगारांवरचा हॅमंड, सेलिकॉफ आणि साइडमन यांचा अभ्यास १९७९ साली आला. अ‍ॅस्बेस्टॉस नाही आणि सिगारेटही नाही, अशा माणसाचा फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका १ धरा. नुसतं अ‍ॅस्बेस्टॉस: सुमारे ५ पट. नुसती सिगारेट: सुमारे ११ पट. दोन्ही मिळून? ५३ पट! बेरजेच्या हिशोबाने १५ यायला हवे होते. आणि २००२ साली लंडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेनसारखं वागणारी आठ रसायनं यीस्टवर तपासली. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी, की एकेकट्याचा परिणाम दिसूच नये. आठही एकत्र केल्यावर मात्र परिणाम स्पष्ट दिसला.

मग सगळं एकत्र का तपासत नाहीत? कारण गणित हाताबाहेर जातं. २० रसायनांच्या नुसत्या जोड्याच १९०, आणि एकूण गट दहा लाखांवर. शिवाय ती येतात घोळक्याने. एकाच धुरातून पाच गोष्टी बाहेर पडत असतील, तर दोष कोणाच्या माथी मारणार? नेहमी एकत्रच कमिट करणारे दोन डेव्हलपर असले, की बग कोणाचा हे लॉग बघून सांगता येत नाही, तसंच.

म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी प्रश्नच बदलला. 'वेटेड क्वांटाइल सम' पद्धतीत प्रत्येक रसायनाला वजन देऊन अख्ख्या गाठोड्याचा एकच निर्देशांक बनवतात आणि विचारतात, हे गाठोडं जड झालं की आजार वाढतो का? अट एवढीच, की सगळ्यांचा परिणाम एकाच दिशेने मोजायचा. २०२० साली आलेल्या 'क्वांटाइल जी-कॉम्प्युटेशन'ने ही अट सैल केली. जेनिफर बॉब आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडलेली 'बेजियन कर्नल मशीन रिग्रेशन' आणखी हुशार (लिनक्सचा कर्नल नव्हे!). ज्यांच्या शरीरातली मिश्रणं सारखी, त्यांची तब्येतही साधारण सारखी असणार, एवढंच ती गृहीत धरते. आलेख सरळ रेषेतच हवा असा हट्ट नाही. त्यांनी ती बांगलादेशातल्या मुलांवर वापरली: आर्सेनिक, मँगनीज, शिसं आणि मुलांची बौद्धिक वाढ. यात मँगनीज शरीराला थोडं लागतंच, जास्त झालं की बाधतं. तिथे सरळ रेषेचा काय उपयोग?

या पद्धती जादू नाहीत. गाठोड्यातला नेमका गुन्हेगार त्यांनाही दर वेळी सापडत नाही. पण गाठोडं घातक आहे का, हे त्या सांगू शकतात. आणि मला वाटतं, खरा मुद्दा इथेच आहे. ज्या कारणाने दोषी वेगळा काढता येत नाही, त्याच कारणाने उपाय सोपा होतो. सगळे एकाच धुरातून येत असतील, तर तो धूर थांबवला की सगळेच कमी होतात. त्यासाठी आधी खटला निकाली लागायची गरज नाही.

हायवे काही माझ्याने हलणार नाही. पण आगपेटी तर आपल्याच सोसायटीची आहे ना?