गौताळ्याच्या जंगलात लहानग्यांना घेऊन

चाळीसगावातून दक्षिणेकडे पाहिले की सातमाळा डोंगराची निळसर रांग दिसते. याच डोंगरात गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. १९८६ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे आहे. त्याचा काही भाग जळगाव जिल्ह्यात आणि मोठा भाग घाटावर कन्नडच्या बाजूला येतो. शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर असलेले पाटणादेवी हे त्याचे आपल्याकडचे दार. ताडोब्याचा प्रवास, मुक्काम आणि जिप्सीचे भाडे ज्यांना झेपत नाही, त्यांना हे जंगल सकाळी जाऊन दुपारी घरी परतण्याइतके जवळ आहे.

तरीही लहान मुलांना तिकडे न्यायला पुष्कळ घरे कचरतात. त्यामागची भीती खोटी नाही. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या गावांत बिबट्याने माणसांचे बळी घेतले, त्यांत लहान मूलही होते. डिसेंबरमध्ये वरखेडे शिवारात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. आमच्या घरात त्या दिवसांपासून ‘बिबट्या येईल’ हे मुलांना गप्प बसवण्याचे वाक्य झाले. म्हणून जंगलात जायचे ठरले तेव्हा मुलांची दादी म्हणाली, “एवढ्याशा लेकरांना त्याच्या तोंडाशी कशाला नेता?” शेवटी लेकरांवर आपलीच नजर हवी म्हणून ती स्वतःही गाडीत बसली.

फज्रची नमाज आटोपून निघालो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने मुलांसाठी चांगले. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो, धबधबे वाहतात, पण दाट झाडीत जनावर दिसत नाही. उन्हाळ्यात जनावरे पाणवठ्यावर येतात, पण खानदेशचे ऊन लहान मुलांना सोसत नाही.

नाक्यावर नोंद करून आणि स्थानिक वाटाड्या सोबत घेऊन आत शिरलो. पाच वर्षांची धाकटी दर दहा पावलांनी विचारी, “वाघ कुठे आहे?” वाटाड्याने तिला ओल्या मातीत उमटलेले दोन ठसे दाखवले. एकात बोटांच्या पुढे नखांच्या खुणा होत्या, दुसऱ्यात नव्हत्या. कुत्र्याची नखे कायम बाहेर असतात, मांजराच्या जातीतले प्राणी चालताना ती आत ओढून घेतात. दुसरा ठसा बिबट्याचा होता. दादीने नातीचा हात घट्ट धरला. वाटाड्या म्हणाला, “काळजी नको आजी, रात्रीचा आहे. तो आपल्याला टाळूनच चालतो.” त्यानंतर धाकटीने वाघाचे नाव काढले नाही. तिला खाली पाहायचा नाद लागला. रोह्याच्या लेंड्या, साळिंदराचा काटा, अस्वलाने वाळवीसाठी उकरलेले वारूळ असे एकेक सापडत गेले. वाट ओलांडणारी मुंग्यांची रांग पाहून दादी स्वतःच थांबली आणि मुंगीचे बोलणे ऐकून हसलेल्या हजरत सुलेमान (अलै.) यांचा किस्सा तिने तिथेच नातवंडांना सांगितला. पुढे अंजनाच्या झाडावरचे वानर एकाएकी खेकसू लागले तेव्हा आठ वर्षांचा थोरला कुजबुजला, “त्यांना काहीतरी दिसलंय.” आम्हाला काहीच दिसले नाही. पण जंगलाची एक खूण त्याला कळली होती.

या अभयारण्याच्या नावातला औट्रम म्हणजे जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी. १८२५ मध्ये त्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. १८२५ ते १८३४ या काळात त्याच्या आणि त्याच्या साथीदारांच्या शिकारीत १९१ वाघ मारले गेल्याची नोंद आहे. एकेकाळी आपला मुलूख वाघांचा होता तो असा, आणि तो रिकामा झाला तोही असा. मार्च २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला एक वाघ गौताळ्याच्या कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा ती मोठी बातमी झाली. थोरल्याला हे सांगितले तर त्याने विचारले, “एवढ्या लांबून येताना त्याला कोणी मारलं नाही?” मुलांच्या मनात हा प्रश्न यावा, एवढ्यासाठी तरी त्यांना जंगल दाखवावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. प्रवेशाच्या वेळा वनखात्याकडे आधी विचारून घ्या. मुलांना भडक कपडे घालू नका. चालताना एक मोठा माणूस पुढे, एक मागे आणि मुले मध्ये असावीत. लघवीलाही मुलाला एकटे सोडू नका. दोन-तीन तासांहून जास्त चालवू नका. पाणी आणि घरचा डबा बरोबर ठेवा, पण वानरांना काही देऊ नका. माणसाच्या हातचे खायची सवय लागली की ते पिशव्या ओढतात, चावतात. वेफर्सचे रिकामे पाकीट खिशात घालून परत आणायचे, हे काम मुलांवरच सोपवा. ती ते आनंदाने करतात.

बिबट्या काही अभयारण्याची हद्द पाहून राहत नाही. उसात, कपाशीत, नदीकाठच्या झुडपांत तो उद्याही असेल, आणि आपली मुलेही त्याच शिवारात वाढणार आहेत. नुसत्या भीतीने मूल त्याला पाहताच पळत सुटेल, आणि पळणाऱ्याच्या मागे तो लागतो. त्यापेक्षा चार गोष्टी पाठ असाव्यात. अंधार पडल्यावर शेतात एकटे जायचे नाही. वाकून किंवा उकिडवे बसून राहायचे नाही. समोर आलाच तर त्याला पाठ दाखवायची नाही. मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरायचे. हल्ली आमच्या घरी ‘बिबट्या येईल’ असे कोणी म्हटले की धाकटी या चारही गोष्टी म्हणून दाखवते, आणि दादी एखादी राहिली का ते बोटांवर मोजते.