कॅसेट आपली, सर्व्हर त्यांचा

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात वाढलेल्या माणसाला व्हिडिओ गेमची कॅसेट आठवणारच. तळहातावर मावणारी, बहुधा पिवळ्या प्लास्टिकची, वर बंदूकधारी पैलवानांचं भडक स्टिकर आणि खालच्या फटीतून डोकावणारी पितळी दातांची ओळ. ती मशीनमध्ये खटकन बसली पाहिजे, नाहीतर टीव्हीवर नुसते रंगीत चौकोन. मग काढायची, दातांवर फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. काम व्हायचं ते खरं तर पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने दात उलट गंजायचे. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी आम्हाला पटलं नसतं.

मशीन म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमची नक्कल. अस्सल मशीन आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं. नक्कल मात्र मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळायची, पुण्यात तपकीर गल्लीत मिळायची आणि तालुक्याच्या गावी घड्याळं-कॅल्क्युलेटर विकणाऱ्याच्या काचेच्या कपाटातही दिसायची. ती घरी यायला दिवाळी तरी लागे, नाहीतर वर्गात नंबर. गेममुळे टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते यावर आईवडिलांची अढळ श्रद्धा असल्याने खेळायची वेळही ठरलेली.

पण एकदा आणलेली कॅसेट आपली. सुट्टीत मावशीकडे जाताना ती कपड्यांच्या पिशवीतून यायची. ‘तुझी मारिओ दे, माझी कॉन्ट्रा घे, रविवारी परत’ असा व्यवहार जिन्यात उभ्याउभ्या व्हायचा आणि रविवारी परत आली नाही, तर प्रकरण दोन्हीकडच्या आयांपर्यंत जायचं. खेळून कंटाळा आला की दुकानदार जुनी कॅसेट ठेवून घ्यायचा आणि वर थोडे पैसे घेऊन दुसरी द्यायचा. यात मूळ कंपनीचा काही संबंध नसे. लाइट असली आणि वडिलांच्या बातम्या संपल्या असल्या की पुरे, आणखी कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर गेमची लांबलचक यादी आहे आणि घरात त्यांतली एकही वस्तू नाही. हा बदल एका रात्रीत झालेला नाही. व्हॉल्व्ह कंपनीने २००३ मध्ये स्टीम सुरू केलं आणि २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आणला, तेव्हा दुकानातून खोका विकत घेतलेल्यालाही इंटरनेटवर खातं उघडून आधी त्यांच्याकडे नोंद करावी लागली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर करताना डिस्क उसनी देण्यावर आणि जुनी विकण्यावर बंधनं घालायचं ठरवलं, शिवाय मशीनने चोवीस तासांत एकदा इंटरनेटवरून हजेरी लावायची अटही. सोनीने लगेच एक छोटा व्हिडिओ काढला. गेम उसना कसा द्यायचा? एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, तो ‘थँक्स’ म्हणतो, संपलं. जगभर हसं झालं आणि मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच माघार घेतली. तेव्हा ग्राहक जिंकले खरे, पण पुढे डिस्कच मागे पडली आणि उसनं द्यायला हातात काही उरलं नाही.

हातात काही नसलं की काय होतं, ते ‘द क्रू’ने दाखवलं. युबिसॉफ्टचा २०१४ चा हा मोटार शर्यतींचा खेळ. लोकांनी पूर्ण पैसे मोजून घेतलेला, एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि त्याबरोबर खेळही. ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांची डिस्कही निकामी. वर अनेकांच्या खात्यातून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. आमची कॅसेट बिघडायची, हरवायची, कधी भावंडांच्या मारामारीत फुटायचीही. पण ती बनवणाऱ्याने घरात येऊन उचलून नेली, असं कधी झालं नाही.

आपल्याकडे पब्जीचंच पाहा. कॅसेटच्या काळात पैसे खेळाला पडत. आता खेळ फुकट आणि पैसे खेळातल्या कपड्यांना, बंदुकीच्या रंगाला. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जी मोबाइलवर बंदी घातली आणि हा सगळा विकतचा साज अधांतरी लटकला. २०२१ च्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय या नावाने आला, जुनं खातं हलवायची सोयही झाली. पुढच्याच जुलैत तो स्टोअरमधून पुन्हा काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. सरकारची कारणं वेगळी होती, त्यांच्या बऱ्यावाईटात इथे शिरत नाही. पण पैसे भरलेल्या मुलांच्या हातात यातलं काहीही नव्हतं.

जुनं सगळं सोनं होतं असंही नाही. आमच्या बहुतेक कॅसेट चोरीच्या होत्या. ‘९९९९९९ इन १’ असं छापलेल्या कॅसेटमध्ये खरे खेळ बोटावर मोजण्याइतके. बाकी तेच खेळ वेगळ्या नावांनी. ज्यांनी ते रात्री जागून घडवले, त्यांना आमच्या पैशातली दमडीही मिळाली नाही. आज ती मिळते. महिन्याची वर्गणी भरून एखाद्या मुलाला शेकडो खेळ चाखता येतात, लॅपटॉप बदलला तरी खेळ जिथे थांबवला तिथून सुरू होतो. ही सोय आमच्या नशिबी नव्हती. वर्गणीला माझी हरकत नाही; ते भाडं आहे आणि भरणाऱ्याला ते ठाऊक असतं. हरकत आहे ती पूर्ण किंमत घेऊन भाडेकरू ठेवण्याला.

हे म्हणणारा मी एकटा नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे: फक्त परवाना मिळणार असेल, तर विक्रेत्याने पैसे घेण्याआधी तसं स्पष्ट सांगायला हवं. ‘द क्रू’ बंद पडल्यावर रॉस स्कॉट या अमेरिकी यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली. तिच्यासाठी युरोपीय संघात दहा लाखांवर नागरिकांनी सह्या केल्या. मागणी साधी आहे. सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणत नाही. बंद करताना खेळ खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच. आणि हे अशक्य नाही, कारण ओरड झाल्यावर युबिसॉफ्टनेच ‘द क्रू’च्या पुढच्या दोन भागांना इंटरनेटविना चालण्याची सोय देण्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे ही चर्चा अजून पोरांच्या खेळण्याची म्हणून हसण्यावारी जाते. पण सिनेमे, गाणी, पुस्तकं, सगळंच आता याच वाटेने घरात येतं आहे. तेव्हा मुलाने गेमसाठी पैसे मागितले, तर ‘किती तास खेळणार?’ याच्या आधी ‘इंटरनेट नसताना चालतो का, आणि कंपनीने बंद केला तर काय?’ एवढं विचारा. उत्तर नाही आलं, तर पूर्ण किंमत मोजू नका.