पाच चढाईपटू, माझ्या हिशेबानं

दर शनिवारी पुण्याहून कामथडीला जाताना कात्रजचा नवा बोगदा संपला की मी ऑफिसचा फोन सायलेंटवर टाकतो. गेल्या महिन्यात मात्र कामाचाच नाद सोबत घेऊन गेलो. कबड्डीतले सर्वोत्तम पाच चढाईपटू कोण, यावर पुतण्याशी पैज लागली होती. तो सतरा वर्षांचा, स्वतः चढाई करतो. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हातात एक्सेल शीट.

तर झालं असं की, पडवीत लॅपटॉप उघडला आणि यादी वाचायला घेतली.

पाचवा सिद्धार्थ देसाई. आपला कोल्हापूरचा. २०१८ च्या मोसमात यू मुंबाकडून पहिल्यांदाच प्रो कबड्डीत उतरला आणि चढाईचे २१८ गुण घेऊन गेला. दोघा-तिघांनी धरलं तरी त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत यायचा. २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाख मिळाले. मग खांदा दुखावला.

चौथा अजय ठाकूर, हिमाचलचा. २०१६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अहमदाबादला इराणविरुद्ध मध्यंतराला आपण मागे होतो. शेवटी ३८-२९ नं जिंकलो, त्यात ठाकूरचे १२ गुण. पकड करायला वाकलेल्याच्या डोक्यावरून बेडकासारखी उडी मारायचा.

तिसरा पवन सेहरावत. २०१९ मध्ये हरियाणा स्टीलर्सविरुद्ध एका सामन्यात चढाईचे ३९ गुण. संपूर्ण संघाला एवढे मिळाले तरी पुष्कळ सामने जिंकता येतात!

दुसरा अनुप कुमार, पहिला प्रदीप नरवाल. प्रदीपचे आकडेच तसे आहेत. कारकिर्दीत १८०० हून जास्त गुण, २०१७ च्या एकाच मोसमात ३६९. त्याची 'डुबकी' तर सगळ्यांना माहीत. समोर दोघांनी हात धरून साखळी केली की हा कमरेत वाकून त्यांच्या हातांखालून सटकायचा.

आमचा दादा (म्हणजे चुलतभाऊ, पुतण्याचा बाप) शेंगा फोडत सगळं ऐकत होता. म्हणाला, "अनुपला दुसरा का टाकला?"

मी शीट दाखवली. एकूण गुणांना ४० टक्के वजन, प्रति सामना गुणांना ३०, निर्वाणीच्या तिसऱ्या चढाईला २०, अंतिम सामन्यांना १०.

"ही वजनं कुणी ठरवली?"

"मीच."

"मग बदल की."

बदलली. एकूण गुणांचं वजन कमी करून अंतिम सामन्यांचं वाढवलं, तर अनुप पहिला आला. आणखी थोडं हलवलं तर पवन. खरं सांगायचं तर शुक्रवारी रात्री मीसुद्धा हेच केलं होतं. प्रदीप वर येईपर्यंत वजनं हलवत होतो, आणि तो आल्यावर थांबलो. ऑफिसात प्रोजेक्टचा अंदाज देताना करतो तेच. :-)

दादाचं म्हणणं असं, की अनुपचा पाय निदान रेषेवर आणि नजर सातही जणांवर असायची. तो बोनस घ्यायचा, हात लावून यायचा, आणि काहीच नसलं तर तीस सेकंद काढून मुकाट परत यायचा. शीटमध्ये ती 'रिकामी चढाई', म्हणजे शून्य. पण आघाडी असताना ती शून्य चढाई सामना राखते. तिला माझ्याकडे रकानाच नव्हता.

शांताराम जाधव, अशोक शिंदे यांनाही नव्हता. दोघेही अर्जुन पुरस्कारविजेते. १९९० ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली, तेव्हा सुवर्ण जिंकणाऱ्या संघात शिंदे होते. पण प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ ला. त्याआधी प्रत्येक चढाईची नोंद ठेवून ती आपल्यापर्यंत पोहोचवणार कोण? म्हणजे माझी 'सर्वकालीन' यादी खरं तर दहा-बारा वर्षांची. असो.

मग पुतण्यानं विचारलं, "काका, यादीत नाही आले त्यांचं पुढं काय होतं?"

पैज वगैरे नावाला होती, हे मला तेव्हा कळलं. त्याला पुण्यातल्या एका अकादमीत राहून सराव करायचा होता. बारावीचं वर्ष. घरात आठवडाभर यावरूनच चाललेलं. आणि दादानं माझ्यावर सोपवलं होतं, "तू आकड्यातला माणूस, तूच सांग त्याला."

मी उत्तर तयार करून आणलं होतं. आधी बारावी, मग खेळ. सिद्धार्थला पाचवं ठेवण्यामागंही तेच होतं, खांद्याची गोष्ट सांगायला बरी पडते म्हणून.

पण ते उत्तर तोंडातून निघेना. २००१ च्या जुलैत माझा इंजिनिअरिंगचा प्रवेश झाला. त्याच महिन्यात दादाला पुण्याच्या एका संघानं निवड चाचणीला बोलावलं होतं. जत्रेच्या मैदानावर, ट्यूबलाइटच्या उजेडात, त्याला धरायला आजूबाजूच्या गावांत कुणी नव्हतं. (भावाचं कौतुक म्हणून थोडं कमी करून घ्या.) चुलत्यांची पाठ धरलेली, भातलावणी तोंडावर. दोघांपैकी एकालाच घर सोडता येत होतं. मी गेलो. दादा चिखलात उतरला. त्याला कुणी विचारलंही नाही, आणि मी तर नाहीच.

हे सगळं मी बोललो नाही. एवढंच म्हणालो, "बहुतेक जण यादीत येत नाहीत. काहींना खेळावर नोकरी लागते, काहींना तीही नाही. ते मला आकड्यात सांगता येणार नाही."

दादानं टरफलं सुपात गोळा केली. "जायचं त्याला. बारावी तिथूनच द्यायची. नापास झाला तर परत."

"मेसचे पैसे मी देतो," मी म्हटलं.

"दे," दादा म्हणाला. नाही-हो करेल असं वाटलं होतं. त्यानं सरळ घेतलं, ते बरं झालं.

काल पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी गावीच होतो. पहिला सराव सामना झाला. तीन चढाया, शून्य गुण. आवाज पडलेला. दादानं फोन माझ्या हातातून घेतला.

"तिन्ही वेळा परत आलास ना?"

"दोनदा."

"बरं. जेवलास का?"